चहातली साखर आणि पेशीतला निरोप

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, हिशेब जुळला आणि वही मिटली की मग बायकांचे खरे प्रश्न निघतात. गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न आम्हाला तीन-चार गावांत ऐकायला मिळाला. "ताई, कॅन्सर साखर खातो म्हणे. मग पेशंटची साखर बंद केली तर कॅन्सर उपाशी मरेल का?" कुणाच्या मोबाईलवर तसा मेसेज आला होता, तर कुणाला पाहुण्यांनी सांगितलं होतं.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात एक गोष्ट अगदी खरी आहे, आणि त्या खऱ्या गोष्टीला चिकटलेला एक गैरसमज रुग्णाच्या जिवावर उठू शकतो. धान्यातून खडे वेचावेत तसं आज आपण खरं एका बाजूला आणि खोटं एका बाजूला करू. बोलायचं आहे ते तोंडाच्या कॅन्सरबद्दल, कारण तो आपल्या फार जवळचा आहे. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात वर्षाला ओठाच्या आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण सापडतात. म्हणजे जगातल्या दर तीन रुग्णांपैकी एकाहून जास्त रुग्ण आपल्या देशातला असतो.

खरी गोष्ट कोणती?

आपलं शरीर कोट्यवधी पेशींचं बनलेलं आहे. भाकरी, भात, बटाटा, गूळ, फळं, काहीही खाल्लं तरी त्यातल्या पिठूळ आणि गोड भागाची शेवटी साखरच होते. तिला ग्लुकोज म्हणतात. रक्तातून ती पेशीपर्यंत पोचते. पेशीच्या भिंतीला छोटे दरवाजे असतात, त्यांतून ती आत जाते आणि आत तिचं इंधन होतं.

निरोगी पेशी हे इंधन नीट, प्राणवायू घेऊन, शेवटपर्यंत जाळते. चांगल्या चुलीत लाकूड पुरतं जळतं, राख उरते आणि धूर कमी होतो, तसंच हे. ग्लुकोजचा एक कण असा पूर्ण जाळला तर शक्तीची सुमारे ३० नाणी मिळतात असं समजा. पण प्राणवायू नसताना पेशी साखर फक्त अर्धवट फोडते. तेव्हा नाणी मिळतात केवळ दोन, आणि उरतं ते लॅक्टिक आम्ल. दह्याला आंबटपणा येतो तो याच आम्लामुळे.

१९२० च्या दशकात जर्मनीत ओटो वारबुर्ग नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी गाठींचे पातळ काप घेऊन प्रयोग केले. त्यांना दिसलं की कॅन्सरच्या पेशी साखर भराभर ओढून घेतात, आणि प्राणवायू भरपूर असला तरी ती अर्धवटच फोडतात. याच वारबुर्ग यांना १९३१ साली पेशींच्या श्वसनावरच्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांनी पाहिलेल्या या गोष्टीला आजही 'वारबुर्ग परिणाम' म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, तीस नाणी सोडून दोन घेणारी पेशी शहाणी कशी? वारबुर्ग यांना वाटलं होतं की तिची भट्टीच बिघडलेली असते. पुढे कळलं की बहुतेक वेळा भट्टी शाबूत असते, पण पेशीची गरज वेगळी असते. घर बांधायला काढलेल्या माणसाचा विचार करा. त्याच्याकडे लाकूड आलं तर तो सगळं चुलीत घालणार नाही. वासे, चौकटी, दारं यांसाठी बाजूला काढेल. कॅन्सरच्या पेशीला सतत एकाच्या दोन आणि दोनाच्या चार व्हायचं असतं. त्यासाठी नवी भिंत, नवी जनुकं, नवी प्रथिनं लागतात. साखर अर्धवट फोडली की मधल्या तुकड्यांतून हा माल मिळतो. साखर भरपूर येत असेल तर दोन-दोन नाण्यांवरही तिचं भागतं. शिवाय जे आंबट लॅक्टिक आम्ल ती बाहेर टाकते, त्याने आजूबाजूची जागा खराब होते, शरीराचे रक्षक असणाऱ्या पेशी तिथे मंदावतात आणि गाठीला पसरायला वाट मिळते.

मोठ्या दवाखान्यांत 'पेट स्कॅन' नावाची तपासणी होते. ती याच साखरेच्या हावेवर चालते. ग्लुकोजसारखाच दिसणारा पण किरणोत्सारी खूण लावलेला पदार्थ शिरेतून देतात. पेशी त्याला साखर समजून आत घेतात, पण त्याचं पुढे काही करता येत नाही, म्हणून तो तिथेच अडकून राहतो. जिथे तो जास्त साठतो ती जागा चित्रात उजळ दिसते. त्या खुणेचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. या तपासणीआधी काही तास उपाशी राहायला सांगतात, ते फक्त चित्र स्वच्छ यावं म्हणून. काही घरांत मात्र याचा अर्थ असा घेतला जातो की 'डॉक्टरांनीच साखर बंद करायला सांगितली'. तपासणीपुरता उपास वेगळा आणि उपचार वेगळा, हे आधी मनात पक्कं करा.

तर कॅन्सरच्या पेशीला साखरेची हाव असते, ही झाली खरी गोष्ट.

ही हाव येते कुठून?

पेशी आपल्या मर्जीने साखर घेत नाही. तिला निरोप यावा लागतो. हा निरोप कसा पोचतो ते समजायला आपल्या गटाचंच उदाहरण घेऊ.

गटातल्या एखादीला कर्ज हवं असेल तर काय होतं? ती बैठकीत मागणी ठेवते. सचिव वहीत नोंद करते, अध्यक्ष सही करते, मग कागद बँकेत जातो आणि पैसे सुटतात. एकीने दुसरीला सांगायचं, दुसरीने तिसरीला. मध्ये एखादी कडक बाई असते, जी विचारते, "परतफेड कुठून करणार? आधीचं फिटलं का?" तिच्यामुळे गट बुडत नाही.

पेशीतही अशीच साखळी असते. पेशीच्या बाहेरच्या अंगाला निरोप घेणारी खिडकी असते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये ज्या खिडकीचं नाव सारखं ऐकू येतं ती 'ईजीएफआर'. वाढीचा निरोप तिथे आला की ती आत 'पीआय३के' नावाच्या रेणूला जागं करते. तो 'एकेटी'ला सांगतो, आणि एकेटी पुढे 'एमटॉर'ला. ही नावं पाठ करायची गरज नाही. सचिव, अध्यक्ष, बँक एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. या साखळीचा निरोप पोचला की तीन कामं होतात. साखरेचे जास्त दरवाजे पेशीच्या भिंतीवर येऊन बसतात. आत आलेली साखर पकडून ठेवणारं 'हेक्झोकायनेज' नावाचं विकर वाढतं. आणि पेशीला नवा माल तयार करण्याचा हुकूम सुटतो.

ती कडक बाई इथेही आहे. तिचं नाव 'पीटेन'. ती पीआय३केचं काम पुसून टाकते, म्हणजे निरोप थांबवते.

निरोगी पेशीत निरोप येतो, काम होतं आणि निरोप बंद होतो. तोंडाच्या कॅन्सरच्या बहुतेक गाठींत ईजीएफआर ही खिडकी गरजेपेक्षा फार जास्त संख्येने असते. काही गाठींत पीआय३केच्या जनुकातच बिघाड झालेला असतो, आणि काहींत पीटेन गप्प बसलेली असते. म्हणजे मागणी नसताना कर्जाच्या कागदावर शिक्के पडतच राहतात. बटण अडकून बसलेल्या मोटारीसारखं, टाकी भरून वाहिली तरी पाणी चालूच.

आणि हे बटण अडकवतं कोण? मिसरी, तंबाखू, गुटखा, सुपारी, बिडी आणि त्याच्या जोडीला दारू. गालात आणि हिरडीच्या खाचेत तासन्‌तास ठेवलेल्या तंबाखूतली रसायनं तिथल्या पेशींच्या जनुकांवर रोज घाव घालतात. प्रयोगशाळेत असंही दिसलं आहे की तंबाखूतलं निकोटिन आपण आत्ता पाहिली ती एकेटीची साखळीच चेतवतं. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या यादीत घातलं आहे. आपल्याकडे हा कॅन्सर गाल आणि हिरडी यांच्या मध्ये जास्त दिसतो, कारण आपण तिथेच तंबाखू धरतो. नवी मुंबईत खारघरला असलेलं टाटा स्मारक केंद्राचं संशोधन केंद्र आणि बंगालमधल्या कल्याणी इथली जनुकशास्त्राची संस्था यांनी मिळून भारतीय रुग्णांच्या याच जागेच्या गाठींचा अभ्यास केला आणि २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. बाहेरच्या देशांत न दिसलेले काही जनुकीय बदल त्यात सापडले. आपल्या रुग्णांचा अभ्यास आपल्याकडेच व्हायला हवा, तो यासाठी.

औषध साखरेवर की निरोपावर?

आता शास्त्रज्ञांसमोर प्रश्न असा, की ही हाव थांबवायची कशी? साखर तोडता येत नाही, का ते पुढे सांगतो. म्हणून ते निरोपाच्या साखळीला हात घालतात. साखळीतली एखादी कडी अडवणाऱ्या औषधांना आपण 'निरोप अडवणारी औषधं' म्हणू. प्रयोगशाळेत तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या ताटलीत वाढवतात, त्यांवर पीआय३के किंवा एमटॉर अडवणारं औषध घालतात आणि पाहतात. साखरेचे दरवाजे कमी होतात, हेक्झोकायनेज उतरतं, लॅक्टिक आम्ल कमी बाहेर पडतं आणि पेशींची वाढ मंदावते. पेशीभोवती साखर तेवढीच असते. फक्त ती मागणारा निरोप थांबलेला असतो.

एमटॉर अडवणाऱ्या पहिल्या औषधाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९६४ साली कॅनडाहून एक मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली होती. त्या बेटाचं स्थानिक नाव रापा नुई. तिथल्या मातीतल्या एका जिवाणूपासून भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक औषध वेगळं काढलं. बेटावरून त्याचं नाव पडलं रापामायसिन. मधल्या काळात कंपनीने ते काम बंद केलं, तेव्हा सेहगल यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला होता. १९९९ साली हे औषध अमेरिकेत, बदललेली किडनी शरीराने नाकारू नये म्हणून मंजूर झालं. ते पेशीत ज्या कडीला अडवतं तिलाच पुढे 'रापामायसिनचं लक्ष्य' अशा अर्थाचं एमटॉर हे नाव मिळालं.

बाहेरची खिडकी, म्हणजे ईजीएफआर, अडवणारी औषधं तर रुग्णांपर्यंत पोचली आहेत. सेटुक्सिमॅब हे इंजेक्शन २००६ साली अमेरिकेत डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. निमोटुझुमॅब हे त्याच जातीचं इंजेक्शन भारतात वापरलं जातं. एर्लोटिनिब ही गोळीही हीच खिडकी आतल्या बाजूने बंद करते. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ज्या रुग्णांचा तोंडाचा कॅन्सर नेहमीच्या केमोला दाद देत नव्हता किंवा लवकर उलटला होता, त्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब अशा तीन गोळ्या कमी मात्रेत घरी घ्यायला देऊन अभ्यास केला. या गोळ्या आजार मुळापासून घालवण्यासाठी नाहीत, तो काही काळ आवरावा यासाठी आहेत. पण खर्च आणि दवाखान्याच्या फेऱ्या परवडत नसलेल्या घरासाठी हा विचार मोलाचा आहे.

मग साखळीतली प्रत्येक कडी अडवली की काम फत्ते, असं आहे का? नाही. आणि इथेच ही गोष्ट अवघड होते.

पहिली अडचण अशी, की चोर आणि घरमालक एकाच जिन्याने ये-जा करतात. पीआय३के आणि एकेटीची साखळी फक्त कॅन्सरच्या पेशीत नसते. आपलं इन्सुलिन स्नायूंना आणि यकृताला "साखर घ्या" हा निरोप त्याच साखळीतून देतं. ही साखळी औषधाने अडवली की रुग्णाच्या रक्तातली साखर चढते. पीआय३के अडवणारी आल्पेलिसिब नावाची गोळी २०१९ साली अमेरिकेत एका प्रकारच्या स्तनाच्या कॅन्सरसाठी मंजूर झाली. ती घेणाऱ्यांची रक्तातली साखर नेमाने तपासावी लागते, ती याचसाठी. २०१८ साली उंदरांवरच्या एका अभ्यासात तर असं दिसलं, की साखर चढली म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि ते वाढलेलं इन्सुलिन गाठीतली बंद केलेली साखळी पुन्हा थोडी चालू करतं. एका हाताने बंद केलेला नळ दुसऱ्या हाताने उघडावा, तसं.

दुसरी अडचण, कॅन्सरची पेशी हुशार असते. साखर कमी पडली तर ती ग्लुटामिन नावाच्या प्रथिनाच्या घटकावर किंवा चरबीवर भागवते. एक कडी बंद झाली तर शेजारच्या वाटेने निरोप पाठवते. म्हणून शास्त्रज्ञ एकाच औषधावर विसंबत नाहीत. रेडिएशन किंवा केमोच्या जोडीला अशी औषधं देऊन पाहतात.

तिसरी गोष्ट, ताटलीत जे चालतं ते माणसात चालेलच असं नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी आपल्या कित्येक घरांत आहे. ती पेशीतल्या भट्टीचा वेग कमी करते आणि त्यातून एमटॉरलाही लगाम बसतो. अमेरिकेत तोंडात कॅन्सरपूर्व चट्टे असलेल्या आणि मधुमेह नसलेल्या थोड्या लोकांना ती देऊन पाहिली. काहींच्या चट्ट्यांत सुधारणा दिसली. पण लोक थोडे होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावरून निकाल देता येत नाही. उलट स्तनाच्या कॅन्सरवर साडेतीन हजारांहून जास्त रुग्णांचा मोठा अभ्यास झाला. त्याचा निकाल २०२२ साली आला. मधुमेह नसलेल्या स्त्रियांना नेहमीच्या उपचारांसोबत मेटफॉर्मिन देऊनही कॅन्सर उलटण्याचं प्रमाण कमी झालं नाही.

आणखी एक नाव तुम्हाला आठवत असेल. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत 'टू-डीजी' नावाची पुडी टीव्हीवर गाजली होती. ती साखरेची तोतया बहीण आहे. पेशी तिला साखर समजून आत घेते आणि हेक्झोकायनेजचं काम अडकतं. आपल्या संरक्षण संशोधन संस्थेच्या दिल्लीतल्या प्रयोगशाळेत तिच्यावर खूप आधीपासून, मेंदूच्या गाठींवर रेडिएशनच्या जोडीने, अभ्यास चालू होता. पण तोंडाच्या कॅन्सरवरचा उपचार म्हणून ती मान्य झालेली नाही.

थोडक्यात, नुसता साखरेचा मार्ग बंद करून तोंडाचा कॅन्सर बरा करणारं औषध आज नाही. काम चालू आहे आणि दिशा चांगली आहे. पण शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमो हेच आजचे आधार आहेत.

मग ताटातली साखर?

आता येऊ जिवावर बेतणाऱ्या गैरसमजाकडे. आपल्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असतं. त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती असेल? जेमतेम एक चहाचा चमचा. शरीर ती तेवढीच राखायला धडपडतं, कारण मेंदूलाच दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. तुम्ही साखर, भात, भाकरी सगळं बंद केलंत तरी यकृत साखर तयार करतं. कशातून? आधी साठ्यातून, आणि साठा संपला की अंगातल्या मांसातून. म्हणजे उपाशी राहिल्याने गाठीचं ताट रिकामं होत नाही. झिजतो तो रुग्ण. दंड बारीक होतात, मांड्या उतरतात, उठून उभं राहायची ताकद जाते.

आमच्या भागातल्या एका घरात असंच झालं. घरातल्या आजोबांना गालाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि रेडिएशन सुरू झालं. त्यालाच आपल्याकडे 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात. मोबाईलवरच्या मेसेजवरून मुलाने वडिलांचं दूध, भात, भाकरी, केळी सगळं बंद केलं आणि भाज्यांच्या रसावर ठेवलं. मायेपोटीच केलं. शेक देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा करतात. तीन आठवड्यांत आजोबा इतके वाळले की तो मुखवटाच सैल पडायला लागला. मुखवटा सैल म्हणजे किरणांची जागा चुकण्याचा धोका. पुन्हा माप, पुन्हा आखणी, आणि मध्ये दिवस वाया. तोंडाच्या कॅन्सरमध्ये ठरलेले शेक वेळेत पुरे होणं फार महत्त्वाचं असतं. सुनेने दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंना सगळं सांगितलं, तेव्हा नाकातून नळी घालून पातळ पौष्टिक अन्न सुरू झालं आणि उरलेले शेक पार पडले. या घरात वेळेवर बोलणारी सून होती. प्रत्येक घरात असेलच असं नाही.

म्हणून मैत्रिणींनो, शेक चालू असलेल्या रुग्णाला जेवू घालणं हा उपचाराचाच भाग आहे. तोंड सोललेलं असतं, गिळताना डोळ्यांत पाणी येतं. अशा वेळी तिखट, गरम, आंबट नको. मऊ भात आणि घट्ट वरण, नाचणीची पेज, मुगाची खिचडी, उकडून कुस्करलेलं अंडं, दूध, ताजं गोडसर दही, केळं, बारीक कूट घालून केलेली लापशी, असं थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा द्या. चमचाभर साखर घातल्याने एखादा रुग्ण वाटीभर खीर संपवत असेल, तर ती साखर शत्रू नाही. मधुमेह असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून, साखर मोजून. कारण चढलेल्या साखरेने जखम भरायला वेळ लागतो. दर आठवड्याला वजन करा आणि वहीत लिहा. गटाचा हिशेब ठेवतो, तसाच हाही. वजन सारखं उतरत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात सांगा.

आणि कॅन्सरसाठी म्हणून मेटफॉर्मिन, टू-डीजी किंवा खायचा सोडा कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. शेजारणीच्या मधुमेहाच्या गोळ्या रुग्णाला देऊ नका. औषध चांगलं आहे की वाईट, हे कुणाला, किती आणि कशासोबत दिलं यावर ठरतं.

बटण अडकण्याआधी

पेशीतला निरोप अडवणं हे शास्त्रज्ञांचं काम. पण तो बिघडू नये म्हणून आपल्या हातात बरंच आहे. २०१६-१७ सालच्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १७ टक्के स्त्रिया कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होत्या. त्यात मिसरीचा वाटा केवढा आहे, ते आपल्याला माहीत आहे. सकाळी दात घासायला म्हणून सुरू झालेली मिसरी दिवसातून चार वेळा तोंडात कधी जाऊ लागते, हे कळतही नाही. ती दात स्वच्छ करत नाही, ती तंबाखूच आहे. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर मदत मिळते.

महिन्यातून एकदा, उजेडात, आरशासमोर तोंड तपासा. गालाची आतली बाजू, हिरड्या, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली आणि टाळूला. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, दुखत नसलेली गाठ, अचानक हलणारा दात, मानेला आलेली सूज, यातलं काही दिसलं तर दाखवा. उभी तीन बोटं तोंडात जात नसतील तर तेही दाखवा. सुपारी-गुटख्याने तोंड आखडतं, त्याची ती खूण असते. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही.

नुसत्या डोळ्यांनी तपासून काय होणार, असं वाटेल. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा अभ्यास झाला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन हजारो लोकांची तोंडं तपासली. २००५ साली निकाल आला. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. हातात होती ती फक्त बॅटरी आणि शिकलेली नजर. आज आपल्याकडेही ३० वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आशाताईंना विचारा, आपल्या उपकेंद्रावर तो दिवस कधी असतो. आजार निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा खर्च मिळतो. रेशनकार्ड आणि आधार तयार ठेवा.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटं याला द्या. ज्या घरात रुग्ण आहे त्या घरी जाऊन चुलीवर काय शिजतंय ते बघा आणि वजनाच्या वहीबद्दल विचारा. कुणी "साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल" असं म्हणालं, तर त्यांना सांगा की हाव साखरेत नाही, ती पेशीतल्या अडकलेल्या निरोपात आहे, आणि तो अडवण्याचं काम औषधाचं आहे. आपलं काम रुग्णाला पोटभर जेवू घालण्याचं आणि ठरल्या तारखेला दवाखान्यात पोचवण्याचं.

प्रश्न असतील तर आपल्या गटाच्या सहयोगिनीकडे लिहून द्या. उत्तरं डॉक्टरांना विचारून याच वेळेला सांगू. नमस्कार.